गेरूच्या खड्यावरून काळाचा शोध घेणारा चित्रकार

पोळ्याचा सण आला, की नांदेड जिल्ह्यातील इस्लापूर-किनवट परिसरात बैलांच्या अंगावर गेरूचे ठिपके उमटतात. मातीच्या घरांच्या भिंतींवर गेरूचा पट्टा ओढण्याची रीतही या भागाला नवी नाही. किराणा दुकानात थोडक्या पैशांत मिळणारा हा तांबडा खडा म्हणजे लोहाचे खनिज मिसळलेली माती होय. माणसाने रंग म्हणून वापरलेल्या सर्वांत जुन्या पदार्थांत त्याची गणना होते. हजारो वर्षांपूर्वी डोंगरातील कपारींत राहणाऱ्या माणसाने याच खनिजाने हरणे, गवे आणि शिकारी रंगविले. ही चित्रे नेमकी किती जुनी, या प्रश्नाचे उत्तर भिंतीवर शोधण्याऐवजी भिंतीखालच्या मातीत शोधण्याचा ध्यास भारतात ज्यांनी घेतला, त्यांत डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांचे नाव अग्रभागी आहे.

भीमबेटका येथील शैलचित्रांचे शोधक म्हणून वाकणकर सर्वपरिचित आहेत. रेल्वेच्या खिडकीतून दिसलेला डोंगर आणि त्यातून लागलेला शोध ही कथाही अनेकदा सांगितली गेली आहे. मात्र शोधानंतरची तीस वर्षे त्यांनी ज्या प्रश्नापायी वेचली, तो फारसा चर्चेत येत नाही. चित्र सापडले, पण त्याचे वय कसे ठरवायचे, हा तो प्रश्न.

माळव्यातील मराठी घर

वाकणकर यांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमच येथे एका मराठी कुटुंबात झाला. शिंदे, होळकर आणि पवारांच्या राजवटींमुळे माळव्यात अनेक मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या स्थायिक झाली होती. घरात मराठी आणि बाहेर हिंदी व माळवी अशा वातावरणात हे घर वाढले. परिचितांमध्ये ते हरिभाऊ म्हणून ओळखले जात. उज्जैन ही त्यांची कर्मभूमी ठरली आणि अखेरपर्यंत तीच राहिली.

त्यांचा मूळ पिंड चित्रकाराचा. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी उज्जैनमध्ये भारती कला भवन ही संस्था उभारली आणि तेथे विद्यार्थ्यांना चित्रकला शिकविली. पुरातत्त्वाकडे ते वळले ते नाणी, शिलालेख आणि भग्न मूर्ती यांच्या ओढीने. माळव्याच्या गावोगावी पायपीट करीत त्यांनी असंख्य अवशेषांच्या नोंदी केल्या. १९५० च्या दशकात नर्मदाकाठी महेश्वर-नावडातोली येथे डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. त्या कामातील सहभागातून वाकणकरांना मातीचे थर वाचण्याची शिस्त लाभली. खालचा थर जुना आणि वरचा नवा, हा उत्खननशास्त्राचा पहिला धडा. पुढे शैलचित्रांच्या अभ्यासात तोच त्यांच्या कामी आला.

चित्रकाराच्या नजरेचा उपयोग येथे विशेष होता. एकाच भिंतीवर वेगवेगळ्या काळांतील माणसांनी चित्रे काढली, तेव्हा जुन्या चित्रावर नवे चित्र चढत गेले. कोणती रेघ खाली आहे आणि कोणती वर, हे छायाचित्रात सहजी उमगत नाही. प्रतिकृती काढण्यासाठी तासन् तास भिंतीसमोर बसणाऱ्याला मात्र ते दिसू लागते. चंबळच्या खोऱ्यात, भानपुरा-मोडी भागातील शैलाश्रयांत वाकणकरांनी अशा प्रतिकृती काढण्याचे काम केले होते. भीमबेटकाचा डोंगर त्यांच्या वाट्याला आला, तेव्हा त्यांचा हात आणि डोळा दोन्ही तयार होते.

१९५७ चा शोध

भोपाळहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर विंध्य पर्वताच्या दक्षिण कडेला वालुकाश्माचे प्रचंड सुळके उभे आहेत. १९५७ मध्ये या मार्गाने प्रवास करताना वाकणकरांना ते दिसले. गाडीतून उतरून ते डोंगराकडे गेले आणि भीमबेटकाची चित्रसृष्टी अभ्यासकांसमोर आली. स्पेन आणि फ्रान्समधील खडकांशी असलेले साम्य पाहून त्यांना शंका आली, असे नेहमी सांगितले जाते. मात्र युरोपातील स्थळे प्रत्यक्ष पाहण्याची संधी त्यांना १९६० च्या दशकाच्या आरंभी मिळाली. म्हणजे १९५७ मध्ये त्यांच्या गाठीशी होता तो माळव्यातील भटकंतीचा अनुभव.

भीमबेटका हे नाव त्यापूर्वी कागदोपत्री आले होते. १८८८ मध्ये डब्ल्यू. किनकेड या ब्रिटिश अधिकाऱ्याने स्थानिक आदिवासींकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे या जागेचा उल्लेख बौद्ध स्थळ म्हणून केला होता. चित्रांची दखल घेतली गेली ती वाकणकरांमुळे. त्यांनी डोंगररांगेची विभागणी करून प्रत्येक शैलाश्रयाला रोमन अंक, अक्षर आणि क्रमांक दिला. पुढील संशोधकांनीही हीच पद्धत वापरली. या परिसरात ७०० हून अधिक शैलाश्रय असून त्यांपैकी ४०० हून अधिक शैलाश्रयांत चित्रे आहेत.

चित्रांचे विषय नाना प्रकारचे आहेत. गवे, हत्ती, गेंडे, वाघ, रानडुकरे आणि हरणे आहेत. भाले व धनुष्ये घेतलेले शिकारी आहेत. हातात हात गुंफून नाचणारी माणसे आहेत. नंतरच्या काळातील घोडेस्वार आणि तलवारधारी योद्धेही याच भिंतींवर आहेत. लाल आणि पांढरा हे रंग सर्वाधिक आढळतात. पिवळा, तपकिरी, जांभळट, काळा आणि हिरवा रंगही दिसतो. शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन चित्रांत हजारो वर्षांचे अंतर असू शकते. हे अंतर मोजायचे कसे, हीच खरी अडचण होती.

कार्लाइलचा विसरलेला पुरावा

या अडचणीवरचा एक मार्ग नव्वद वर्षांपूर्वीच सुचविला गेला होता. भारतातील प्रागैतिहासिक शैलचित्रे प्रथम ओळखली ती आर्चिबाल्ड कार्लाइल यांनी, १८६७-६८ मध्ये, मिर्झापूर भागातील सोहागीघाट परिसरात. स्पेनमधील अल्तामिरा गुहेतील चित्रे उजेडात आली १८७९ मध्ये. म्हणजे भारतातील शोध त्याच्याही दहा-बारा वर्षे आधीचा. कार्लाइल यांनी केवळ चित्रे पाहिली नाहीत. शैलाश्रयांच्या तळाशी, हात न लागलेल्या मातीत, दगडाच्या सूक्ष्म हत्यारांसोबत त्यांना गेरूचे खडे मिळाले. या खड्यांच्या एक-दोन बाजू घासून सपाट झालेल्या होत्या. रंग तयार करण्यासाठी ते घासले गेले असावेत, असा त्यांचा तर्क होता.

हा तर्क साधा, पण मोलाचा होता. भिंतीवरचे चित्र स्वतःचे वय सांगत नाही. मात्र ज्या थरात घासलेला गेरू सापडतो, त्या थरातील हत्यारे काळाचा अंदाज देतात. कार्लाइल यांनी हे विस्ताराने प्रसिद्ध केले नाही. त्यांची टिपणे व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९०६ मध्ये छापली, पण त्यानंतरही अभ्यासक फारसे सरसावले नाहीत. पचमढीच्या चित्रांवर काम करणारे डी. एच. गॉर्डन यांच्यासारखे संशोधक भारतीय शैलचित्रे बरीच अलीकडची मानत राहिले. भारतात अतिप्राचीन चित्रकला नव्हती, असा समज त्यातून बळावला. वाकणकरांना हा समज मान्य नव्हता. पण तो खोडून काढायचा तर पुरावा हवा होता.

भिंतीवरून जमिनीकडे

१९७० च्या दशकात भीमबेटका येथे पद्धतशीर उत्खनने झाली. विक्रम विद्यापीठाच्या वतीने वाकणकरांनी काही शैलाश्रयांत खणले, तर डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी ३ एफ-२३ या शैलाश्रयात काम केले. तेथे पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक मिळाले. रंगासाठी वापरलेल्या खनिजांचे तुकडेही या परिसरातील थरांतून हाती आले. मध्याश्मयुगीन माणूस येथे गेरू वापरत होता, याबद्दल त्यामुळे फारशी शंका उरली नाही.

वाकणकरांनी त्यापुढे पाऊल टाकले. उत्तर पुराश्मयुगातील थरांत त्यांना हिरव्या मातीचे खडे मिळाले. भीमबेटकाच्या काही भिंतींवर लयीत वाकलेल्या, नाचणाऱ्या माणसांच्या हिरव्या रेघांतील आकृती आहेत आणि अनेक ठिकाणी त्या इतर रंगांच्या खाली दिसतात. या दोन गोष्टींची सांगड घालून हिरवी चित्रे सर्वांत जुनी, म्हणजे उत्तर पुराश्मयुगातील असावीत, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. तो मान्य झाला असता, तर भारतीय चित्रकला युरोपातील हिमयुगीन गुहाचित्रांच्या काळाला जाऊन भिडली असती.

आणखी एक धागा त्यांनी हाती घेतला. उज्जैनजवळील कायथा येथे १९६५-६६ मध्ये त्यांनी उत्खनन केले. तेथे सापडलेली ताम्रपाषाणयुगीन वस्ती पुढे कायथा संस्कृती या नावाने ओळखली गेली. १९६७-६८ मध्ये डेक्कन कॉलेजच्या झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनीही तेथे काम केले. माळव्यातील ताम्रपाषाणयुगीन मडक्यांवरची जाळीदार नक्षी आणि शैलाश्रयांतील काही चित्रांतील नक्षी यांत साम्य आहे. मडक्यांचा काळ उत्खननातून ठरतो, म्हणून त्या चित्रांचा काळही अजमावता येतो. चित्रांचा एक गट तरी अशा रीतीने कालपटावर बसविता आला.

१९७३ मध्ये भारतातील चित्रित शैलाश्रयांवरील प्रबंधासाठी पुणे विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. तेव्हा त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७६ मध्ये अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा भारतातील पाषाणयुगीन चित्रांवरील ग्रंथ येल विद्यापीठाने प्रकाशित केला आणि हा विषय जगभरच्या अभ्यासकांपुढे गेला.

खनिज रंगांचे रसायन

वाकणकरांच्या युक्तिवादाचे बळ आणि मर्यादा समजून घ्यायच्या, तर या रंगांचे रसायन पाहावे लागते. लाल रंग देणारे हेमेटाइट हे लोहाचे ऑक्साइड आहे. लोखंड गंजून जिथे थांबते, जवळपास तीच ही अवस्था. त्यामुळे ऊन किंवा हवा लागून त्यात आणखी बदल होत नाही. त्याचे कण अतिशय बारीक असतात आणि वालुकाश्माच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसतात. वनस्पतीजन्य रंग काही वर्षांत उडून जातात, गेरू मात्र हजारो वर्षे टिकतो, याचे कारण हेच.

पिवळ्या मातीत गोथाइट हे लोहखनिज असते. त्याच्या रचनेत पाण्याचा अंश असतो. साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्यास तो निघून जातो आणि पिवळ्याचा लाल होतो. चुलीतल्या विस्तवावरही हे घडू शकते. म्हणजे भिंतीवरचा लाल रंग निसर्गतः लाल मातीचा असू शकतो, तसाच भाजलेल्या पिवळ्या मातीचाही. पांढरा रंग चुनखडी, जिप्सम किंवा पांढऱ्या चिकणमातीपासून मिळतो. काळा कोळशापासून किंवा मँगनीजच्या खनिजापासून मिळतो.

कोळशाच्या चित्राचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढता येते. गेरूत मात्र कार्बनच नसतो. त्यामुळे लाल, पिवळ्या किंवा हिरव्या चित्राचे वय थेट मोजता येत नाही. रंगात मिसळलेला डिंक वा चरबीसारखा सेंद्रिय अंश टिकला असेल, किंवा चित्रावर नंतर क्षारांचा पापुद्रा जमला असेल, तरच काही मार्ग निघतो. वाकणकरांच्या काळात ही साधने बाल्यावस्थेत होती. थरातील खडा, वरखाली आलेल्या रेघा आणि मडक्यावरची नक्षी या तीन साक्षीदारांवरच त्यांची भिस्त होती.

वादाचा हिरवा रंग

हिरव्या चित्रांबाबतचा त्यांचा निष्कर्ष सर्वांना पटला नाही. भीमबेटकाच्या चित्रांवर डेक्कन कॉलेजमधूनच संशोधन करणारे यशोधर मठपाल आणि ऑस्ट्रियाचे एर्विन नॉयमायर यांनी ही चित्रे मध्याश्मयुगापलीकडे नेण्यास नकार दिला. त्यांचा आक्षेप तर्कशुद्ध होता. पुराश्मयुगीन थरात हिरव्या मातीचा खडा सापडला, एवढ्यावरून त्या काळचा माणूस ती माती गोळा करीत होता, इतकेच सिद्ध होते. त्याच खड्याने तेच चित्र काढले, हे त्यातून ठरत नाही. तो रंग अंगाला फासण्यासाठीही वापरला गेला असेल. शिवाय हिरवी रेघ लाल रेघेच्या खाली असणे म्हणजे ती तिच्याआधीची असणे; पण किती वर्षे आधीची, हे त्यातून कळत नाही.

हा वाद वाकणकरांच्या हयातीत मिटला नाही आणि आजही पुरता मिटलेला नाही. भीमबेटकाच्या बहुसंख्य चित्रांचा आरंभ मध्याश्मयुगात धरणे अनेक अभ्यासकांना सुरक्षित वाटते. पाठ्यपुस्तकांत मात्र हिरवी नर्तकचित्रे उत्तर पुराश्मयुगातील म्हणून आढळतात. तरीही वाकणकरांनी प्रश्न ज्या रीतीने मांडला, ती रीत टिकली. चित्राचा काळ शैलीच्या अंदाजाने न ठरविता रंगाच्या द्रव्यावरून ठरवावा, हा त्यांचा आग्रह आजच्या प्रयोगशाळांनीही उचलून धरला आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने या हिरव्या मातीला वेगळे महत्त्व आहे. मराठवाड्याचा बहुतेक भूभाग ज्वालामुखीच्या काळ्या बेसाल्टचा. विंध्य-सातपुड्यातील वालुकाश्मात पाणी आणि वारा जशा प्रशस्त कपारी कोरतात, तशा बेसाल्टमध्ये सहसा तयार होत नाहीत आणि काळ्या, झिजणाऱ्या पृष्ठभागावर रंगही टिकत नाही. म्हणूनच पैनगंगेवरील सहस्रकुंडचा खडकाळ परिसर इस्लापूरच्या उशाशी असूनही भीमबेटकासारखी चित्रे शोधायला वालुकाश्माच्या प्रदेशात जावे लागते. २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्ग अभ्यासकांना सातपुड्यात, अमरावती जिल्ह्याच्या सीमेलगत बैतुल भागात चित्रित शैलाश्रय सापडले, तेही वालुकाश्मातच. मात्र बेसाल्टच्या पोकळ्यांत हिरवी माती मिळते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा आहे. इस्लापूरसह हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात असताना, १९३० च्या दशकात, एस. परमशिवन यांनी अजिंठ्याच्या रंगांचे रासायनिक परीक्षण केले होते. माळव्याचे पठारही बेसाल्टचेच आहे. त्यामुळे भीमबेटकाच्या माणसाला हिरवी माती मिळविण्यासाठी फार लांब जावे लागले नसावे.

अखेरची वर्षे

वाकणकरांच्या कार्याचा पट शैलचित्रांपुरता मर्यादित नव्हता. माळव्यातील इंद्रगढ, दंगवाडा, रुणिजा अशा अनेक ठिकाणी त्यांनी उत्खनन केले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कार भारतीच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९८५ मध्ये लुप्त सरस्वती नदीच्या मार्गाचा मागोवा घेण्यासाठी निघालेल्या मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले. हरियाणातील आदिबद्रीपासून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत हा प्रवास झाला. त्यावरील मतभेद अद्याप कायम आहेत. एप्रिल १९८८ मध्ये परदेश दौऱ्यावर असताना सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षात होते.

उज्जैनमध्ये त्यांच्या नावाची शोधसंस्था आहे. मध्य प्रदेश सरकार पुरातत्त्व क्षेत्रातील कार्यासाठी त्यांच्या नावाने राष्ट्रीय सन्मान देते. २००३ मध्ये भीमबेटकाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. तो दिवस पाहायला वाकणकर हयात नव्हते.

त्यांच्या पश्चात साधने बदलली आहेत. भिंतीवरचा रंग खरवडून नमुना घेणे म्हणजे चित्राचा घास घेणे. त्यामुळे रंगाला हात न लावता खनिज ओळखणाऱ्या पद्धती आल्या. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधावर आधारलेली वर्णपटाची पद्धत त्यांपैकी एक. लेझरचा किरण रंगावर टाकला, की विखुरलेल्या प्रकाशावरून खनिजाची ओळख पटते. कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील तज्ज्ञांसह भीमबेटकाच्या चित्रांचा असा अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. थरातील खडा आणि भिंतीवरची रेघ यांतील सूक्ष्म घटक ताडून पाहणे आता अशक्य राहिलेले नाही.

मात्र ताडून पाहण्यासाठी रेघ शिल्लक असावी लागते. चित्र उजळ दिसावे म्हणून शैलाश्रयांच्या भिंतींवर पाणी मारण्याची सवय अनेक ठिकाणी होती. पाणी सुकताना आतले क्षार पृष्ठभागावर येतात आणि चित्रावर पांढुरकी साय धरते. जागतिक वारसा लाभलेल्या भीमबेटकाला पहारा आहे, पण विंध्य-सातपुड्याच्या रानांत विखुरलेल्या असंख्य शैलाश्रयांना तो नाही. तेथील चित्रांवर नावे कोरली जातात, चुली पेटतात, धूर बसतो. हिरव्या नर्तकांच्या वयाचा वाद वाकणकरांच्या बाजूने सुटतो की विरुद्ध, हे या भिंती किती काळ शाबूत राहतात यावर अवलंबून आहे.